कायदाच नव्हता, तरी सात सेकंद कापले

2009 साली मी गोरेगावच्या एका पोस्ट-प्रॉडक्शन स्टुडिओत एडिटर होते. ब्रिटनमधल्या टीव्ही मालिका आमच्याकडे टेपवर यायच्या आणि डीव्हीडी होऊन जायच्या. चित्र साफ करायचं, सबटायटल्स बसवायची, मेनू करायचा आणि शेवटी मास्टर तिकडच्या कारखान्याला पाठवायचा. यात कापाकापीही करावी लागते, हे मात्र मला नोकरीला लागल्यावर कळलं.

तिकडे टीव्हीवर मालिका दाखवण्याआधी कुणाचा शिक्का लागत नाही. रात्री नऊच्या आधी मुलांना न झेपणारं काही दाखवायचं नाही, हे चॅनेलने सांभाळायचं. तक्रार आली तर ऑफकॉम ही संस्था नंतर बघणार. पण तीच मालिका डिस्कवर विकायची झाली की तिचा प्रत्येक भाग बीबीएफसी या मंडळापुढे जातो. हे मंडळ सरकारी खातं नाही, तपासणीची फी घेऊन त्यावर चालतं, आणि फी मिनिटांच्या हिशेबाने आकारतं. यू म्हणजे सगळ्यांसाठी, पीजी म्हणजे पालकांच्या देखरेखीखाली, मग वयानुसार 12, 15, 18 असे शिक्के. संपूर्ण पेटीवर मात्र आतल्या सगळ्यात कडक भागाचा शिक्का छापायचा. त्यात बोनस म्हणून टाकलेले तुकडेही आले. गप्पा मारता मारता एखाद्या नटाने शिवी हासडली, तर बिचाऱ्या सोज्वळ मालिकेची पेटी एक पायरी वर चढते.

त्या ऑगस्टमध्ये आमच्याकडे लहान मुलांची एक कार्टून मालिका होती. सशांची भावंडं, अकरा-अकरा मिनिटांचे भाग, यूशिवाय दुसरा शिक्का मिळेल असं कुणाच्या मनातही नव्हतं. बॉक्सची वेष्टनं यू छापून तयार होती. आणि एका भागावर मंडळाचं उत्तर आलं: आहे तसा हवा असेल तर पीजी, यू हवा असेल तर कट.

भाग लपाछपीचा. मोठ्या सशावर राज्य, धाकटा वॉशिंग मशिनच्या ड्रममध्ये शिरतो आणि आतून दार ओढून घेतो. मग कॅमेरा ड्रमच्या आत, भोकाभोकांमधून येणारा उजेड, सशाची खुदखुद. शेवटी आई त्याला शोधून काढते आणि रागावते. म्हणूनच पीजी तरी मिळत होतं. यूसाठी नियम साधा आहे: लहान मूल सहज नक्कल करेल असं धोक्याचं काही नको.

गणपती बसून दोन दिवस झाले होते. निम्मा स्टाफ कोकणात, उरलेल्यांपैकी काहींच्या तोंडावर स्वाइन फ्लूचे मास्क. डीव्हीडीचे मेनू आणि चॅप्टर जोडणारा आमचा ऑथरिंगवाला कुडाळला गेलेला, त्यामुळे त्याचंही काम माझ्याच गळ्यात. मास्टर रात्रीपर्यंत निघायला हवा होता.

नुसती कात्री मारून भागत नव्हतं. ससा ड्रममध्ये शिरतो ते सात सेकंद काढले तर पुढे तो सापडतो कुठे? खाली संगीत सलग वाजत होतं, तेही तुटणार. 2002 च्या ‘लिलो अँड स्टिच’मध्ये मुलगी कपडे वाळवायच्या ड्रायरमध्ये लपते, तिथे ब्रिटनच्या व्हिडिओसाठी ड्रायरच पुसून लाकडी कपाट काढलं होतं, आणि दार म्हणून पिझ्झाचा खोका. पण त्यांच्याकडे चित्रं काढणारे होते. आमच्याकडे मी होते आणि वेगळा मिळालेला संगीताचा ट्रॅक, एवढंच.

दुपारी क्यूसीतल्या, म्हणजे तयार प्रत तपासणाऱ्या विभागातल्या ताई धावत आल्या. “अगं, कापू नकोस. ही बातमी बघ.”

बातमी खरोखर विलक्षण होती. ज्या कायद्याच्या आधारावर बीबीएफसी डिस्कवर शिक्के मारत होतं, तो 1984 चा व्हिडिओ रेकॉर्डिंग्ज कायदा ब्रिटनच्या सरकारने युरोपीय आयोगाला कळवलाच नव्हता. असे नियम आधी आयोगाला कळवायचे, हे 1983 च्या युरोपीय निर्देशाने सदस्य देशांना बंधनकारक होतं. न कळवल्यामुळे कायद्याची अंमलबजावणी करता येत नव्हती. आजपासून नव्हे, पहिल्या दिवसापासून! हिंसक व्हिडिओ कॅसेटींवरून एवढा गदारोळ झाला, संसदेत कायदा आला, 1993 आणि 1994 मध्ये त्यात दुरुस्त्याही झाल्या, आणि पंचवीस वर्षांत एकाही बाबूच्या ध्यानात आलं नाही. लहान मुलाला 18 ची डिस्क विकल्याचे खटले आता थांबवायचे, जुन्या शिक्षा मात्र तशाच राहणार, असं सरकार म्हणत होतं.

चहा येईपर्यंत अख्खा मजला माझ्या मशिनभोवती. साउंडचा मुलगा म्हणाला, “म्हणजे आता काहीही विकलं तरी चालतंय की.” सर म्हणाले, “तू थांब जरा. क्लायंटला विचारू दे.” लंडनमध्ये तेव्हा सकाळ होती.

मला वाटलं होतं, क्लायंटही म्हणेल, थांबा. तो शांतपणे म्हणाला, “कट करा. दुकानदार यूशिवाय माल ठेवणार नाही.” नंतर कळलं की व्हिडिओ कंपन्यांच्या संघटनेनेही सभासदांना तेच सांगितलं होतं: आहे तसंच चालू द्या.

ताईंना हे पटेना. “टीव्हीवर हाच भाग लागून गेला ना? तेव्हा कुठे कोण गुदमरलं?” त्यांचा मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता, कारण या कात्र्यांमध्ये खुळचटपणाही कमी नसतो. ब्रिटनमध्ये त्या निन्जा कासवांच्या कार्टून मालिकेच्या नावातून ‘निन्जा’ काढून ‘हिरो’ घातलं होतं आणि मायकेलअँजेलो नावाच्या कासवाच्या हातातलं नानचाकू, म्हणजे साखळीने जोडलेल्या दोन दांड्यांचं हत्यार, शक्य तिथून गायब केलं होतं. नानचाकू कुठल्या घरात पडलेलं असतं?

पण वॉशिंग मशिन घरात असतं. आणि टीव्हीवरचा भाग एकदा लागतो नि जातो. डिस्कचा रिमोट मुलाच्या हातात असतो. आवडलेला तुकडा पोर मागे नेऊन नेऊन बघतं, आई शेजारच्या खोलीत, आणि मशिन तिकडे बहुधा स्वयंपाकघरातच. त्या 1984 च्या कायद्यातही हे शब्दांत होतं: व्हिडिओ घरात बघितला जाणार आहे, हे शिक्का देताना विशेष लक्षात घ्यायचं. मी ताईंना शक्तिमानची आठवण करून दिली. शक्तिमान वाचवायला येईल म्हणून मुलं उड्या मारतात, अशा बातम्या तेव्हा छापून येत होत्या आणि मालिकेच्या शेवटी मुलांना समजावून सांगणारे तुकडे सुरू झाले होते. ताई म्हणाल्या, “ते तुकडे लागले की आमचा बंटी उठून जायचा.” बंटी आता अकरावीत होता.

मला खटकत होतं ते वेगळंच. आईचं रागावणं हाच त्या भागाचा जीव होता. ते कापलं तर लपाछपी उरते, शहाणपण जातं. म्हणून मी आत शिरण्याचे सेकंद काढले, रागावणं ठेवलं. ड्रमच्या आतल्या शॉटला इतकं झूम केलं की गोल कडा आणि भोकं चौकटीबाहेर गेली, फक्त सशाचे डोळे आणि अंधार. शिरण्याच्या जागी त्याच भागातला जिन्याखालच्या कपाटाचा दुसरा शॉट उलटा फिरवून टाकला. आईच्या बोलण्यात ‘मशिन’ हा शब्द एकदाच होता; तो तिच्या पाठीवर पडत होता, म्हणजे ओठ दिसत नव्हते. तिथे साउंडच्या मुलाने तिचंच दुसऱ्या भागातलं ‘इथे’ आणून बसवलं. एवढा अभिमान त्याला हिंदी सिनेमाच्या डबिंगनेही दिला नसेल.

संगीत सांधलं गेलं. सबटायटल्सच्या वेळा सरकवल्या, चॅप्टर पुन्हा मोजले. रात्री साडेनऊला नवी प्रत मंडळाकडे द्यायला लंडनला गेली. कापलेली प्रत पुन्हा तपासायची म्हणजे तिची फी पुन्हा भरायची, तीही अशा मंडळाला ज्याचा कायदा त्या दिवशी लागूच होत नव्हता. क्लायंटने कुरकुर केली नाही. आमच्या जादा तासांचं बिल पाठवलं तेव्हा मात्र भरपूर केली.

भागाला यू मिळाला. ब्रिटनच्या संसदेने जानेवारी 2010 मध्ये तोच कायदा, या वेळी आयोगाला रीतसर कळवून, पुन्हा मंजूर केला. आमची पेटी त्याच्या आधीच, नाताळच्या खरेदीसाठी दुकानात गेली होती. ताईंनी न कापलेल्या भागाची टेप लायब्ररीत ठेवायचा आग्रह धरला होता आणि डब्यावर मराठीत लिहिलं होतं: ‘खरा भाग. पुसू नये.’