इथे कुणी पट्टी विचारत नाही

ऑक्सफर्डला संगीतात बीए करतेय म्हटलं की आपल्याकडच्या मंडळींना वाटतं, पोरगी दिवसभर रियाज करत असणार. प्रत्यक्षात मी दिवसभर वाचते आणि लिहिते. वादक-गायक घडवणाऱ्या संस्था या देशात वेगळ्या आहेत. इथे मात्र १६३७ साली व्हेनिसमध्ये तिकीट काढून ऑपेरा बघायची सोय झाली, तर त्याने ऑपेराच कसा बदलला, असल्या प्रश्नांवर निबंध लिहायचे. एक टर्म आठच आठवड्यांची, त्यामुळे एक निबंध देईपर्यंत दुसरा मानगुटीवर बसलेला असतो.

माझं कॉलेज लहान आहे. संगीताचे विद्यार्थी एका टेबलाभोवती मावतात. लेक्चर्स विद्यापीठात सगळ्यांबरोबर, पण ट्युटोरियल कॉलेजमध्ये सरांच्या खोलीत. दोन विद्यार्थी, एक पियानो. मागच्या बाकावर बसून मान डोलवायची सोयच नाही. बाख या जर्मन संगीतकाराच्या कोरालची, म्हणजे चार आवाजांत गायच्या चर्चगीताची, वरची चाल दिलेली असते, तिच्याखाली आल्टो (बायकांचा खालचा आवाज), टेनर (पुरुषांचा वरचा) आणि बास (पुरुषांचा खालचा) या तीन ओळी आपण रचायच्या. सर वही पियानोवर ठेवतात, वाजवायला लागतात, मध्येच थांबतात आणि पेन्सिलीने दोन सुरांभोवती गोल करतात. ‘पॅरलल फिफ्थ्स!’ म्हणजे दोन आवाज पंचमाचं अंतर ठेवून एकाच दिशेने सरकले. इथल्या शास्त्रात हे वर्ज्य, कारण मग दोन्ही आवाजांचं वेगळेपण पुसलं जातं. गंमत अशी की षड्ज-पंचमात जुळवलेल्या तानपुऱ्यावर वाढलेल्या कानाला नेमकी तीच जागा गोड लागते! नियम पाठ होतो, पण कानाला पटायला वेळ लागतो.

खरं शिक्षण मात्र चॅपलच्या, म्हणजे कॉलेजातल्या छोट्या चर्चच्या, क्वायरमध्ये (गायकवृंदात) झालं. मॅग्डालेन, न्यू कॉलेज अशा नामांकित क्वायर असलेल्या कॉलेजांत टर्मभर जवळजवळ रोज गायन चालतं, लहान मुलांचे आवाज असतात, पट्टीचे गायक असतात. आमच्याकडे रविवार संध्याकाळची एक प्रार्थना, आणि क्वायरमध्ये केमिस्ट्रीवाले, इतिहासवाले, जे सुरात राहतील ते सगळे. टेनर कायम कमी. क्वायर चालवतो तो ऑर्गन स्कॉलर, म्हणजे आमच्यासारखाच एक विद्यार्थी. वाजवताना त्याची पाठ आमच्याकडे, म्हणून ऑर्गनवर एक आरसा लावलाय आणि त्यात बघून तो आम्हाला सांभाळतो. जेमतेम विशीतला मुलगा, पण आदल्या रात्रीचा निबंध अर्धवट असला तरी आमचा सूर उतरला की त्याच्या भुवया आरशात दिसतातच.

तिथे कुणी ‘तुझी पट्टी कोणती?’ असं विचारत नाही. माझी काळी चार. पण कागदावर लिहिलेला सूर सगळ्यांसाठी एकच, आणि माझ्या वाट्याला आल्टोची ओळ, म्हणजे मुख्य चाल दुसऱ्याच कुणाकडे. साम (psalm), म्हणजे बायबलमधली स्तोत्रं, गाताना तर एकाच सुरावर आख्खं अर्धं वाक्य म्हणायचं आणि सगळ्यांनी एकाच अक्षरावर पुढच्या सुराला जायचं. मंत्रपुष्पांजलीत ‘साम्राज्यं भौज्यं’पाशी निम्मी मंडळी पुटपुटायला लागतात, तशी सूट इथे नाही. मोठ्या क्वायरमध्ये असते तर शेजारणीच्या आवाजात लपले असते. इथे आल्टो म्हणजे मी आणि आणखी दोघी.

गावात ऐकायला मात्र ददात नाही. हॉलीवेल म्युझिक रूम १७४८ सालची, खास मैफलींसाठी बांधलेली, आणि आजही तिथे कार्यक्रम होतात. १७९१ मध्ये ऑस्ट्रियन संगीतकार हायडनला इथे मानद डॉक्टरेट मिळाली. त्याची ९२ क्रमांकाची सिंफनी ‘ऑक्सफर्ड’ म्हणून ओळखली जाते, पण ती आधीच पॅरिससाठी लिहून झालेली होती. नाव मात्र ऑक्सफर्डने पटकावलं!

कुणी इकडे यायचा विचार करत असेल, तर गळा कितीही तयार असो, स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवर लिहिलेली पाश्चात्त्य स्वरलिपी, सराईतपणे वाचायला आधीच शिका. क्वायरमध्ये नवीन पान हातात पडतं आणि लगेच गायला सुरुवात होते. सरगम लिहून घ्यायला कुणी थांबत नाही.