हृदयाचा एमआरआय: रात्री अंथरुणावर करायची तालीम

मणक्याचा एमआरआय झालेल्यांना वाटतं, हाही तसाच असणार. आडवं पडायचं, धडधड ऐकायची, उठून यायचं. पण मणका जागचा हलत नाही. हृदय मिनिटाला सत्तर-ऐंशी वेळा हलतं, वर श्वासाबरोबर सरकतंही. म्हणून इथे पेशंटलाही काम असतं, तेही साधारण पाऊण ते सव्वा तास.

नाशिकमध्ये मुंबई नाका असो की गंगापूर रोड, मशीन आहे म्हणजे हृदयाचा एमआरआय होतोच असं नाही. ईसीजीच्या ठेक्यावर फोटो काढायचं सॉफ्टवेअर हवं आणि तो वाचणारा रेडिओलॉजिस्टही हवा. आधी फोन करून विचारा. चिठ्ठीवर ‘स्ट्रेस’, म्हणजे औषध देऊन करायची ताणाची तपासणी, लिहिलंय का, तेही बघा.

लिहिलं असेल तर चहा बंद. कॉफी, कोला, चॉकलेटही बंद. बरेच ठिकाणी 24 तास आधीपासून सांगतात. कळवणहून पहाटेच्या एसटीने आलेला माणूस स्टँडवर उतरताच कटिंग मारतो आणि तपासणी तिथेच बोंबलते. या तपासणीत अ‍ॅडेनोसिन हे औषध देऊन हृदयाच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. चहा-कॉफीतलं कॅफिन त्याचीच जागा अडवून बसतं. वाहिन्या नीट रुंदावत नाहीत आणि दोष असूनही रिपोर्ट चांगला दिसू शकतो. दम्याच्या थिओफिलिन गोळीचंही तेच. दमा असेल तर आधीच सांगा, तपासणीचं औषध बदलावं लागतं. अ‍ॅडेनोसिन चालू असताना तीन-चार मिनिटं छाती जड होते, चेहरा तापतो, धाप लागते. औषध बंद केलं की हे लवकर ओसरतं.

धातूबद्दल सगळे मंगळसूत्र आणि जोडव्यांपाशीच थांबतात. घट्ट जोडवी घरीच साबण लावून काढा, करदोडा आणि साडीची पिन विसरू नका. पण सातपूर-अंबडला ग्राइंडरवर किंवा लेथवर काम केलेल्यांनी आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी: डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का? बऱ्याच वर्षांपूर्वीचा, विसरलेला कणही चुंबकाजवळ हलू शकतो आणि डोळ्याला इजा करतो. शंका असेल तर आधी डोळ्यांचा एक्स-रे काढतात. स्टेंट, बायपासच्या तारा आणि बहुतेक कृत्रिम झडपा चालतात, तरी कागद सोबत ठेवा. पेसमेकरचं कार्ड मात्र हवंच. डबी आणि वायर दोन्ही एमआरआयला चालणाऱ्या लागतात, शिवाय तपासणीच्या आधी आणि नंतर सेटिंग बदलावं लागतं.

टेबलावर छातीवर ईसीजीच्या पट्ट्या चिकटवतात. पुरुषांचे तिथले केस काढतात, नाहीतर सिग्नल तुटतो. हाताला सुई असते, छातीवर कॉइल (सिग्नल पकडणारी पट्टी) ठेवतात. हात एकमेकांत गुंफू नका. कातडीला कातडी लागून वेटोळं झालं तर त्यातून वीज फिरून चटका बसू शकतो.

आता श्वास. सूचना येते: घ्या, सोडा, थांबा. दहा ते पंधरा सेकंद. थांबायचं ते श्वास सोडल्यावर, कारण सोडल्यावर छाती-पोटामधला पडदा दरवेळी जवळजवळ त्याच जागी येतो, छाती भरून घेतली की कधी वर, कधी खाली. गडबड इथेच होते: सवयीने माणूस श्वास भरून धरतो किंवा मधेच चोरून घेतो. मग एक फोटो हृदयाच्या एका पातळीवरचा, पुढचा भलत्याच. आदल्या रात्री अंथरुणावर घड्याळ लावून दहा वेळा करून बघा, मधे वीस-तीस सेकंद विश्रांती. बारा सेकंद जमले तरी भागतं. नाहीच जमलं तर टेक्निशियनला सुरुवातीलाच सांगा, श्वास चालू ठेवून काढायच्याही पद्धती आहेत. काही मशीनमधून सूचना इंग्रजीत किंवा हिंदीत येतात. मराठीत बोला म्हणावं, त्यात लाज कसली! ठोके अनियमित असतील तर फोटो धूसर येतात, वेळही वाढतो. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका.

शेवटी गॅडोलिनियमचं, म्हणजे फोटोत फरक उठून दिसावा म्हणून द्यायच्या औषधाचं इंजेक्शन. हात थोडा गार वाटतो. दहा मिनिटं थांबून काढलेल्या फोटोंत वण पडलेला स्नायू पांढरा दिसतो, धडधाकट काळा. अटॅकनंतर बायपासने किती फायदा होईल, याचा अंदाज बराचसा त्यावरून येतो. या इंजेक्शनसाठी क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीचा ताजा रिपोर्ट न्या. मूत्रपिंड फार कमजोर असेल तर डॉक्टर आधी विचार करतात. रक्तवाहिन्यांतले ब्लॉकेज बघायला मात्र अँजिओग्राफीच.

निघताना सीडी मागून घ्या. फिल्मवर हृदय हलताना दिसत नाही.