जनरल रजिस्टर

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या सभेला आलो तेव्हा ऑफिसातलं ते लोखंडी कपाट अजून त्याच कोपऱ्यात दिसलं. दहावीत विज्ञानाच्या बाईंनी आख्खा वर्ग तिथे नेला होता. लाल बांधणीचं जनरल रजिस्टर दाखवत त्या म्हणाल्या, "हे बाहेर जात नाही. दाखला हवा असेल त्याला त्याच्या ओळीपुरती नक्कल मिळते. पेशीतही तसंच. डीएनए केंद्रकातच राहतो, बाहेर जाते ती आरएनएची नक्कल." 'प्रतिलेखन' मला वेगळं पाठ करावं लागलं नाही.

मग वर्गात मण्यांचा खेळ. मणी म्हणजे अमिनो आम्ल, ओवलेली माळ म्हणजे प्रथिन. लांब कागदी पट्टी म्हणजे ती आरएनएची नक्कल, तिच्यावर चार अक्षरं: ए, यू, जी, सी. नकलेत डीएनएतल्या टीच्या जागी यू येतो, हे बाई पुन्हा पुन्हा बजावत. पहिल्या बाकावरची मैत्रीण रायबोसोम: तीन-तीन अक्षरं वाचायची आणि मणी ओवायचे. मी वाहक आरएनए, डब्यातून नेमका मणी आणून देणारा. एयूजी आलं की सुरुवात, यूएए आलं की गाठ. त्रिकुटं ६४, मणी मात्र २० प्रकारचे. ही लिपी उलगडणाऱ्यांतले हरगोविंद खोराना, १९६८ चे नोबेल मानकरी. त्यांच्या शंभरेक वस्तीच्या गावात त्यांचंच घर तेवढं लिहितं-वाचतं होतं, हे सांगताना बाईंचा आवाज भरून आला. आमच्यातलेही कितीतरी घरातले पहिलेच शिकणारे होते.

आज मी गडचिरोली जिल्ह्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीचं काम करतो. रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिन या प्रथिनाच्या बीटा साखळीत १४६ मणी. सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल हवं, तिथे व्हॅलिन बसतं. कारण रजिस्टरातलं एकच अक्षर: जीएजीऐवजी जीटीजी. नक्कल करणारा चुकत नाही, ओवणाराही नाही. मुळात आहे तेच उतरतं. ऑक्सिजन कमी पडला की हे रेणू एकमेकांना चिकटतात, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिनीत अडकते. लेकरांच्या त्या कळा पाहवत नाहीत.

परवा एका आईनं विचारलं, "माझ्या खाण्यापिण्यात काही चुकलं का?" सासू शेजारीच. मी रजिस्टर सांगितलं. प्रत्येकाकडे दोन प्रती, एक आईची, एक बापाची. इथे दोघांच्याही एकेका प्रतीत ते अक्षर बदललेलं, म्हणून दर बाळंतपणात बाळाला दोन्ही बदललेल्या प्रती मिळून हा आजार होण्याची चारात एक शक्यता. खाण्याचा काही संबंध नाही.

सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे माह्या पोराकडूनही आलं."

"हो."

त्यांनी नातवाला सुनेच्या मांडीवरून उचलून आपल्या मांडीवर घेतलं.