टोक मोडायचं नाही

चौथीची मुलं घेऊन आमच्या जुन्या टॅव्हर्नच्या संग्रहालयात आलेल्या बाईंनी दारातच विचारलं, "पाइपचं टोक मोडून दाखवणार ना आज?" त्या स्वतः शाळेत असताना याच खोलीत त्यांना ते दाखवलं होतं. गोष्ट अशी की टॅव्हर्नमधे मातीचे लांब दांडीचे पाइप गिऱ्हाइकांसाठी ठेवलेले असत, आणि एकाचं ओढून झालं की पुढचा माणूस उष्टं टोक मोडून टाकून तोच पाइप पेटवी. कट्‌कन आवाज होतो, मुलं खिदळतात, फोटो निघतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर कितीतरी जुन्या टॅव्हर्नांमधून ही गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली गेली. पुरावा मात्र तिला नाही. आम्ही ती यंदा बंद केली होती, आणि तिच्या जागी जे बसवलं होतं ते पहिल्यांदाच खऱ्या मुलांसमोर जाणार होतं.

जागा मेरीलँडमधली. चेसापीक उपसागराला मिळणारी, भरती-ओहोटीची नदी, काठावर १७६०च्या सुमाराचं विटांचं घर आणि खाली तरीचा, म्हणजे पलीकडे नेणाऱ्या नावेचा धक्का. इथे टॅव्हर्न म्हणजे खानावळ, गुत्ता आणि लॉज, तिन्ही एका छपराखाली. सरकारी कागदात त्याला 'ऑर्डिनरी' म्हणत. रस्ता नदीशी येऊन संपायचा. वारा उलटा असला की नाव सुटायची नाही, आणि अडकलेला माणूस खायचा, प्यायचा, एका बिछान्यात अनोळखी माणसाशेजारी झोपायचा. अशा धक्क्यांची भरभराट तंबाखूवर होती. एका मोठ्या पिंपात सुमारे हजार पौंड तंबाखू ठासून ते बंदरापर्यंत गडगडत आणत. १७४७च्या कायद्याने तंबाखूची तपासणी ठरावीक गोदामांतच करायची असं ठरलं, आणि ज्या गावाला गोदाम मिळालं नाही त्याची कळा गेली. साउथ रिव्हरवरचं लंडन टाउन, १६८३ मधे वसवलेलं, हे त्याचंच उदाहरण.

आमच्या नव्या कार्यक्रमाला, म्हणजे वापरलेले पाइप भाजून स्वच्छ करून दाखवायला, लागणार होते निखारे, तेही भरपूर. मुलं दहाला येणार, म्हणजे चूल साडेसातला पेटायला हवी. ओक किंवा हिकरीचं, फोडून किमान वर्षभर वाळवलेलं लाकूड घेतो. पाइन घेत नाही. ते भडकतं, ठिणग्या उडवतं आणि निखारा धरत नाही. त्या दिवशी बाहेर पाऊस होता आणि धुराडं चार दिवस थंड पडलेलं. अशा वेळी धुराड्यात गार, जड हवेचा खांब उभा असतो. खाली जाळ केला की धूर वर जायचं सोडून खोलीत येतो. उपाय सोपा आहे. वर्तमानपत्राच्या दोन गुंडाळ्या पेटवून धुराड्याच्या गळ्याशी मिनिटभर धरायच्या, ज्योत वर ओढली जाताना दिसली की मगच चूल पेटवायची. तसं केलं, तरी धूर मागे आला. डोळे चुरचुरत पंधरा मिनिटं गेल्यावर लक्षात आलं की मागच्या बाजूच्या नव्या इमारतीतला हवा बाहेर फेकणारा पंखा चालू होता आणि मधलं दार उघडं होतं. पंखा अख्ख्या घरातली हवा ओढतो, मग चूल बिचारी धुराड्यातूनच हवा खाली खेचते. दार लावलं, चुलीसमोरची खिडकी चार बोटं उघडली, आणि धूर मुकाट्याने वर गेला.

जुन्या घरात चूल पेटवायची तर बाकीचा जामानिमाही लागतो. हाताशी पाण्याची बादली, वाळूची बादली आणि ओलं लोकरी ब्लँकेट. अंगावर लोकर किंवा लिनन, कारण ठिणगी पडली तर ते कपडे जळतात, पॉलिएस्टरसारखे वितळून कातडीला चिकटत नाहीत. मुलांसाठी सहा फुटांवर दोरी. दोरीच्या आत फक्त मी आणि चुलीवरची माझी सहकारी.

मुलं आली ती आधी पुढच्या खोलीत. तिथलं सामान आम्ही मनाने मांडलेलं नाही. माणूस मेला की कोर्टाने नेमलेले दोघे-तिघे घरात खोलीखोलीतून फिरून वस्तूंची किमतीसह यादी करत. त्या काळच्या अशा याद्या शिल्लक आहेत, आणि टेबलं किती, पितळी दिवे किती, पंच नावाच्या दारूच्या पेयाचे कटोरे किती हे त्यांवरून ठरवलं. त्याच याद्यांमधे गादी आणि किटलीच्या ओळींच्या मधे गुलाम माणसं असतात. नाव, कधी वय, पुढे पौंडांत किंमत. त्या ओळी मुलांना वाचून दाखवतो, आवाज न बदलता. भिंतीवर भावांचा तक्ता आहे. जेवण, बिछाना, घोड्याचा चारा, रमचा माप, सगळ्यांचे दर काउंटी कोर्ट ठरवून देई. मालकाला त्याहून जास्त घेता येत नसे आणि परवान्यासाठी जामीन द्यावा लागे. एका मुलीने विचारलं, "मग चूल कोण पेटवायचं?" मी यादीतल्या त्या ओळींवर परत बोट ठेवलं. गुलाम नसतील तिथे करारावरचे नोकर असत, किंवा इंग्लंडमधून शिक्षा म्हणून पाठवलेले कैदी. १७१८ ते १७७५ या काळात असे सुमारे पन्नास हजार कैदी अमेरिकेत आले, त्यांतले बहुतेक मेरीलँड आणि व्हर्जिनियात.

आता पाइप. टेबलावर दांड्यांचे तीस तुकडे एका ताटात ठेवले होते. कुठल्या थरातून निघाले याची नोंद हरवलेले, म्हणून संशोधनाला निरुपयोगी आणि मुलांच्या हातात द्यायला उत्तम. सोबत सहा ड्रिल बिटं, एक चौसष्टांश इंचाच्या फरकाची. पांढऱ्या मातीची दांडी ओली असतानाच कारागीर तिच्यातून तार सारून भोक पाडी. सतराव्या शतकापासून दांड्या लांबत गेल्या, तशी तार बारीक होत गेली. पुरातत्त्वज्ञ जे. सी. हॅरिंग्टन यांनी १९५४ मधे दाखवून दिलं की नुसत्या भोकावरून काळाचा अंदाज येतो. ९/६४ इंच असेल तर साधारण १६२० च्या आधीचं, ७/६४ म्हणजे १६५० ते १६८०, ५/६४ म्हणजे १७१० ते १७५०, ४/६४ म्हणजे त्यानंतरचं. पुढे १९६२ मधे लुईस बिनफर्ड या पुरातत्त्वज्ञाने त्याचं सूत्र केलं. भोकांची सरासरी चौसष्टांशांत काढायची, तिला ३८.२६ ने गुणायचं आणि उत्तर १९३१.८५ मधून वजा करायचं.

मोजताना दोन चुका हमखास होतात. मुलं बिटाची धारदार बाजू घालतात. त्याने भोक कोरलं जातं आणि माप मोठं येतं. बिट उलटं धरून मागचा गुळगुळीत दांडा घालायचा. दुसरी चूक म्हणजे भोकात माती अडकलेली असते, मग माप लहान येतं. आधी बांबूच्या काडीने भोक मोकळं करायचं, तारेने नाही. आणि बिट ढकलायचं नाही. आपल्या वजनाने आत उतरेल तेवढंच सर्वांत जाडं बिट, तेच माप.

तीस तुकड्यांत ४/६४ चे अकरा निघाले, ५/६४ चे सतरा, ६/६४ चे दोन. बेरीज १४१, सरासरी ४.७. फळ्यावर गुणाकार झाला, वजाबाकी झाली, आणि १७५२ आलं. मुलांनी घराच्या पाटीकडे पाहिलं. तिच्यावर १७६०. "चुकलं का?" नाही. हे सूत्र एका तुकड्याचं वय सांगत नाही, सगळ्या ढिगाचं सरासरी वर्ष सांगतं, आणि घर बांधायच्या आधीही या धक्क्यावर माणसं पाइप ओढत होती. तीस तुकडे तसे फार थोडेच. १७८०च्या पुढे तर सूत्र भरवशाचं राहतच नाही, कारण भोकं बारीक होणं थांबलं.

त्याच ताटावर मी बाईंच्या प्रश्नाचं उत्तर ठेवलं होतं. मुलांना म्हटलं, गिऱ्हाइकं खरंच टोकं मोडत असतील तर ताटात काय दिसायला हवं? थोडा वेळ गेला. मग खिडकीशी बसलेला एक मुलगा म्हणाला, "सारखे छोटे छोटे तुकडे. एवढे एवढे." त्याने नखाएवढं अंतर दाखवलं. ताटात मात्र अर्ध्या इंचापासून चार इंचांपर्यंत सगळ्या लांबीचे तुकडे होते. हातातून पडलेला पाइप जसा फुटतो तसेच. बाई काही बोलल्या नाहीत, पण त्यांनीही एक तुकडा उचलून उलटसुलट पाहिला.

उष्ट्याचं मग काय करत? पाइप स्वस्त होते, ग्रोसच्या, म्हणजे बारा डझनांच्या भावाने येत. आणि वापरलेले पाइप लोखंडी चौकटीत आडवे रचून निखाऱ्यात भाजत. अशा चौकटी संग्रहालयांतून आजही पाहायला मिळतात. आमची लोहाराकडून करवून घेतलेली आहे, सहा पाइपांची. त्यात आठवडाभर ओढून काळे-पिवळे झालेले नवे, नकली पाइप ठेवले. जुना पाइप आगीत कधीच घालायचा नाही. ओढल्याच्या खुणा, झालंच तर तंबाखूचे अंश, सगळा पुरावा जळून जातो.

भाजण्याआधी पाइप चुलीच्या कडेला अर्धा तास वाळवावे लागतात. माती ओल शोषते, आणि ती एकदम तापली की आत वाफ होऊन दांडी फुटते. पाच पाइप सकाळी आठपासून कडेला होते. सहावा मी ऐन वेळी खिशातून काढून चौकटीत ठेवला. निखारे पुढे ओढले, चौकट त्यांवर, वरून आणखी निखारे. दोन मिनिटांत पटाक्‌ आवाज झाला आणि राखेचा फवारा उडाला. मुलांना वाटलं ठरवूनच केलं. माझ्या सहकारीने माझ्याकडे जे पाहिलं त्याचं भाषांतर करत नाही.

चौकट मंद लाल व्हायला आणि काजळी जळायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. तेवढ्यात पंच. मुलांच्या पंचमधे दारू नाही, बाकी तेच. लिंबू, साखर, पाणी, वर किसलेलं जायफळ. जायफळ त्यांच्यासमोरच किसायचं, अख्ख्या खोलीला वास जातो. इथे मी दर वेळी सांगत आले की पंच हा शब्द आपल्या 'पाच'वरून आला, पाच जिन्नस म्हणून. इंग्रजी कागदपत्रांतला त्याचा सर्वांत जुना उल्लेख १६३२चा, ईस्ट इंडिया कंपनीच्या माणसांमधल्या एका पत्रातला. गोव्याची ताडीपासून काढलेली अरॅक नावाची दारू पंचसाठी नावाजलेली होती. हे सगळं खरं आहे. 'पाच'चं मात्र पक्कं नाही. जुन्या कृतींत जिन्नस कधी चार, कधी सहा. सतराव्या शतकातले इंग्रज तो शब्द 'पुंच'च्या जवळ उच्चारत, तो पाच या अर्थाच्या 'पंच'वरून येणं अवघड. आणि 'पंचन' नावाच्या पिंपावरून तो आला असंही एक मत आहे. पाइपचं टोक काढून टाकल्यावर पाचाची गोष्ट कुठल्या तोंडाने सांगायची? त्या दिवशी मी म्हणाले, "काही लोक म्हणतात पाचावरून, पण ते सिद्ध झालेलं नाही." एकानेही मान वर केली नाही. सगळे पेल्यात. मला मात्र चुटपुट लागली. चांगली गोष्ट होती ती.

चिमट्याने चौकट बाहेर ओढली आणि कोरड्या विटांवर ठेवली. ओल्या विटांवर ठेवली तर उरलेलेही तडकतात. लाली उतरल्यावर राख फुंकली. पाचही पाइप पांढरेशुभ्र, खडूसारखे. गार होईस्तोवर दहा मिनिटं मुलं दोरीला खेटून उभी होती. मग एकेकाने हातात घेऊन वास घेतला. कशाचाच वास येत नव्हता. काहींनी पाइप ओठाला लावून पाहिला, तो पटकन घट्ट चिकटला. कोरडी, भाजलेली माती ओठाची ओल ओढून घेते, म्हणून जुन्या पाइपांच्या टोकाला मेण किंवा झिलई लावलेली आढळते. हे मी सांगायच्या आधीच त्यांना कळलं होतं.

बस गेल्यावर आमचं खरं काम सुरू झालं. फुटलेल्या सहाव्या पाइपचे तुकडे राखेत होते, आणि राख आम्ही बागेत टाकतो. बागेखाली अठराव्या शतकाचा कचरा आहे, अजून न खणलेला. आमच्या नकली पाइपचं भोक ५/६४ इंच. तो तुकडा तिथे पडला आणि तीस वर्षांनी कुणाच्या चाळणीत आला तर सूत्र त्याला १७४० सांगेल. म्हणून नकली पाइपच्या दांडीवर दर दोन इंचांना निळा ठिपका असतो, भट्टीतही टिकणाऱ्या रंगाचा. राख गार झाल्यावर पाव इंच जाळीच्या चाळणीतून चाळली. पाइपची वाटी आणि दांडीचे तीन तुकडे मिळाले, पण जोडून पाहिले तर इंचभर कमी भरत होतं. तो तुकडा नेमका दोन ठिपक्यांच्या मधला. दोघी गुडघ्यांवर बसलो, विजेरी आडवी जमिनीलगत धरून, आणि चुलीपुढच्या विटांच्या फटी एकेक करून पाहायला लागलो.