फर्नेस उघडली आणि आत नुसता चुरा

नागोयात पोस्टडॉक करतेय, तिसरं वर्ष चालू आहे, सिरॅमिक्सच्या लॅबमध्ये. घरच्यांना अजूनही वाटतं मी कपबश्या बनवते. तसं अगदीच चूक नाही म्हणा, इथून ट्रेनने तासाभराच्या आत सेतो गाव आहे आणि जपानीत चिनी मातीच्या भांड्यांना सरसकट 'सेतोमोनो' म्हणतात, सेतोची वस्तू, आपण पैठणी म्हणतो तसंच. पण आमचं काम झिर्कोनियावर. डेंटिस्ट कॅप बसवताना विचारतो ना, झिर्कोनियाची बसवू का, तोच हा.

तर झालं काय, साकुरा सायन्स म्हणून जपानची एक स्कीम आहे, २०१४ पासून चालू आहे, बाहेरच्या देशांतल्या तरुण पोरापोरींना थोड्या दिवसांसाठी इथल्या लॅबमध्ये बोलवतात. त्यातून आमच्याकडे तीन आठवड्यांसाठी दोघं आलेली. एक व्हिएतनामचा मुलगा आणि एक आपली सोलापूरची मुलगी, पुण्यात एमएससी करणारी. जोडीला आमचा एम-वन, म्हणजे मास्टर्सच्या पहिल्या वर्षाचा जपानी पोरगा. तिघांना सांभाळायचं काम माझ्याकडे. काम साधंच होतं, एकाच पावडरच्या गोळ्या इथे भाजायच्या, मग तीच पावडर घेऊन तिने पुण्यात आणि त्याने हनोईत भाजायच्या आणि तिन्हीकडची घनता जुळते का बघायचं. वाटतं सोपं, पण तीन देशांत एकच आकडा येणं म्हणजे तीन घरांत एकाच चवीची आमटी होण्यासारखं आहे.

गोळ्या पाडल्या तिने. २० मिलिमीटरच्या डायमध्ये, म्हणजे दाबायच्या साच्यात, बारा. इतक्या निगुतीने पाडल्या की मी फोटो काढला. १४५० डिग्रीला दोन तास ठेवायचं, मिनिटाला ५ डिग्रीने चढवायचं, तसंच उतरवायचं. संध्याकाळी फर्नेस लावून गेलो.

सकाळी मी दार उघडलं तर आत एकही गोळी नाही. होता तो चुरा. कुठे अर्धी चकती, कुठे खपल्या, बाकी भुगा, बोट लावलं की अजून तुटतंय. पोरगी मागे उभी, तिचा चेहरा बघवेना. आणि मी काय करावं? मी तिलाच झापलं. कूलिंग रेट काय दिला होतास, शीट नीट वाचली होतीस का, वगैरे. ती एवढंच म्हणाली, "ताई, शीटप्रमाणेच दिला होता." मी प्रोग्राम उघडून बघितला, बरोबरच होता, तरी मी थांबले नाही, म्हटलं मग प्रेशर जास्त दिलं असशील. हे लिहिताना पण लाज वाटतेय.

एम-वन गप्प. इथली पोरं सेनपाईसमोर, म्हणजे सीनियरसमोर, तोंड उघडत नाहीत. व्हिएतनामच्या मुलाने मात्र हळूच विचारलं, एक्सआरडीला (एक्स-रे टाकून अणूंची मांडणी ओळखायचं मशीन) लावू का, नाहीतरी आयता भुगा झालेलाच आहे. म्हटलं लाव बाबा.

अर्ध्या तासात ग्राफ घेऊन आला. आम्हाला जी झिर्कोनिया हवी तिचा मोठा पीक, म्हणजे ग्राफमधलं टोक, ३० डिग्रीच्या (कोनाच्या, तापमानाच्या नव्हे) जरा पुढे येतो. तिथे काहीच नाही, सपाट. पीक होते ते २८ च्या जरा पुढे आणि ३१.५ च्या आसपास, ठणठणीत दोन. मोनोक्लिनिक, म्हणजे शुद्ध झिर्कोनियाची थंड असतानाची मांडणी. सगळंच्या सगळं. माझ्या पोटात गोळा आला, कारण याचा अर्थ एकच होता, पावडरमध्ये यिट्रिया, म्हणजे झिर्कोनिया फुटू नये म्हणून घालायची भर, नव्हतंच. आणि पावडर तिला काढून कोणी दिली होती? मी. कपाटात दोन सारख्या बाटल्या, एक थ्री-वाय (३ टक्के यिट्रियावाली), एक झीरो-वाय (बिनयिट्रियाची), दोन्ही पांढऱ्याशुभ्र, लेबल अर्धं पुसलेलं, मला मीटिंगची घाई. दिली उचलून.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. शुद्ध झिर्कोनिया ११७० डिग्रीच्या वर गेली की आतली अणूंची मांडणी बदलते, टेट्रागोनल होते. थंड होताना परत मूळ मांडणीवर येते आणि येताना ४-५ टक्के फुगते. दगडासारखी घट्ट भाजलेली वस्तू आतून एवढी फुगली तर दुसरं काय होणार, फुटणारच. म्हणून ३ टक्के यिट्रिया घालतात, ते तिला टेट्रागोनलमध्येच धरून ठेवतं. गंमत अशी की हीच फुगण्याची खोड १९७५ मध्ये ऑस्ट्रेलियात गार्वी आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी कामाला लावली. तडा पुढे सरकायला लागला की टोकाजवळचे कण तेवढेच फुगतात आणि तड्यालाच दाबून धरतात. दातावरची कॅप अक्रोड फोडताना टिकते (फोडू नका तरी) ती त्यामुळे.

मी सेन्सेईंकडे, म्हणजे आमच्या प्रोफेसरांकडे गेले, सांगितलं चूक माझी आहे. ते रागावले नाहीत, हसलेही नाहीत. विचारलं, मुलांना सांगितलंस का? म्हटलं अजून नाही. म्हणाले आधी त्यांना सांग, मग वहीत लिही, आणि त्याच पावडरचा एक बार, म्हणजे छोटी कांडी, करून डायलॅटोमीटरला लावा. मला कळेना, फुटणार हे माहीत असताना कशाला लावायचं, आणि तुकडे पडून मशीनचा होल्डर गेला तर? म्हणाले खाली अॅल्युमिनाची पातळ चकती ठेवा.

मग तिघांना बसवून सांगितलं. सोलापूरच्या मुलीला म्हटलं, सॉरी, सकाळी मी उगाच बोलले. ती म्हणाली, "असू द्या ताई, मला वाटलं आता परत पाठवतात की काय." हे ऐकून अजूनच कसंतरी झालं. वहीत मी माझ्या हाताने लिहिलं, चुकीची पावडर, देणारी मी, खाली सही.

दुपारी बाराला बार लावला. १४५० ला पोचायला पावणेपाच वाजले, तासभर तिथे ठेवला, मग उतरायला लागला. डायलॅटोमीटर म्हणजे एक सळई बारला टेकलेली असते आणि त्याची लांबी किती कमीजास्त होतेय ते मायक्रॉनमध्ये दाखवते, बस. थंड होताना वस्तू आक्रसते, रेघ खाली खाली येत होती, बघायला अत्यंत कंटाळवाणं. एम-वनने कोपऱ्यावरच्या कोनबिनीतून, म्हणजे छोट्या दुकानातून, ओनिगिरी (भाताचे गोळे) आणल्या, सोलापूरकरणीने बॅगेतून शेंगाचटणी काढली आणि ओनिगिरीवर भुरभुरली, एम-वन दोन खाऊन वर तिसरी मागत होता. साडेसात वाजत आले, स्क्रीनवर ९६०, ९५५, आणि रेघ थांबली. मग सरळ वर उडाली. थंड होतंय आणि वाढतंय! पोरगी खुर्चीतून उठलीच, "ताई, फुगतंय, फुगतंय!" आणि व्हिएतनामचा मुलगा मोबाईलवर स्क्रीनचा व्हिडिओ काढतोय. पुस्तकात हा ग्राफ मी शंभरदा पाहिलाय, पण होताना मी पण पहिल्यांदाच बघत होते, खरं सांगते. होल्डर वाचला. बारचे तीन तुकडे.

दुसऱ्या दिवशी योग्य पावडरच्या गोळ्या पाडल्या, तिनेच. बाराच्या बारा अखंड निघाल्या, घनता ६.०५ आली. आता ती पुण्यात आहे, तिथल्या फर्नेसला नंबर लावून बसलीय. परवा मेसेज आला, पहिल्या बॅचची घनता ५.९ च आली, पण आधी बाटली बघितली, बरोबर आहे, आता थर्मोकपल, म्हणजे फर्नेसचं तापमान मोजणारी तार, बघतेय.

जायच्या आधी तिने आमच्या कपाटातल्या झीरो-वायच्या झाकणावर मार्करने मराठीत लिहून ठेवलंय, "ही नाही!!" मागच्या आठवड्यात एम-वनने विचारलं हे वाचायचं कसं. सांगितलं. आता कपाट उघडलं की तो आधी मोठ्याने "ही नाही" म्हणतो आणि मग शेजारची बाटली उचलतो.