टूरचे दिवस पण मोजले जातात

रक्ततपासणीची मशीन रिपेअर करणं हे माझं काम. मोठ्या हॉस्पिटलात, तालुक्याच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये जे अॅनालायझर असतात ना, ते बंद पडले की कॉल येतो आणि मग बॅग उचलायची आणि पुण्याहून निघायचं, कधी सातारा-कराड, कधी सोलापूर, लातूर, नांदेड, अधूनमधून अमरावती. महिन्यातला निम्मा वेळ तरी बाहेरच जातो. आणि या लाइनीत सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य, "टूरवर कसला व्यायाम, घरी गेल्यावर बघू." घरी गेल्यावर मग साठलेली कामं, मुलांच्या परीक्षा, ऑफिसचे रिपोर्ट, आणि तोवर पुढचा कॉल आलेला असतो.

मला हे वाक्य अजिबात पटत नाही आणि त्याचं कारण माझ्या कामातच आहे. एचबीएवनसी ही टेस्ट आमच्या रोजच्या बघण्यातली. उपाशीपोटीची शुगर त्या सकाळपुरतं सांगते, पण ही टेस्ट मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, कारण लाल पेशी साधारण 120 दिवस जगतात आणि त्या काळात रक्तात जी साखर फिरली ती त्यांच्या हिमोग्लोबिनला चिकटून बसते. 5.7 टक्क्यांच्या खाली नॉर्मल, 6.5 पासून पुढे डायबेटिस, मधलं सगळं प्री-डायबेटिस. त्या आकड्यात घरचे दिवस वेगळे आणि टूरचे वेगळे असं काही नसतं, रात्री अकराला धाब्यावर खाल्लेलं पण त्यात येतं आणि सकाळी चाललेलं पण. आमच्याच फील्डमधले चाळिशीच्या आतले लोक, एकदम कामसू माणसं, त्यांचे वाढलेले रिपोर्ट मी बघितलेत आणि मला त्यांची मनापासून काळजी वाटते, म्हणून हे एवढं लिहायला बसलोय.

व्यायामासाठी मी लॉजमध्ये जिम आहे का हे विचारतच नाही, आमच्या बजेटच्या लॉजमध्ये ती नसतेच. काउंटरवर चावी घेताना एकच विचारतो, "दादा, इथं सकाळी लोक फिरायला कुठं जातात?" महाराष्ट्रातल्या प्रत्येक गावाला याचं उत्तर आहे. कोल्हापूरला रंकाळा, सोलापूरला सिद्धेश्वर तळ्याचा परिसर, सांगलीला कृष्णेचा घाट, नागपूरला फुटाळा नाहीतर अंबाझरी. अमरावतीत तर श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून आहे, त्या गावाला व्यायाम शिकवायला जायची गरज नाही.

सगळ्यात आवडतं म्हणाल तर सातारा. सहा वाजायच्या आत निघायचं आणि अजिंक्यताऱ्याचा रस्ता धरायचा. पहिल्या वळणापर्यंतच पोटऱ्या बोलायला लागतात, पण तिथं सत्तरीचे आजोबा काठी टेकत गप्पा मारत वर चाललेले असतात, कॉलेजची मुलं पळत असतात, पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली शूजच्या नाड्या आवळत कठड्याला टेकलेल्या असतात, आणि एक-दोनदा गेलं की हेच लोक ओळखायला लागतात, "काय साहेब, आलात का परत?" असं कुणी विचारलं की दुसऱ्या दिवशी झोपून राहणं जमतच नाही. वरून अख्खं शहर दिसतं आणि त्याच शहरातलं बंद पडलेलं मशीन दहा वाजता उघडायचं असतं, पण डोकं इतकं मोकळं झालेलं असतं की बिघाड पण लवकर सापडतो असा माझा पक्का अनुभव आहे.

पाऊस असेल किंवा कॉल सकाळी आठचा असेल तर खोलीतच. पलंग आणि भिंत यांच्यात माणूस आडवा होईल एवढी जागा निघाली की सूर्यनमस्कार होतात. चादर अंथरायची नाही, लॉजच्या गुळगुळीत फरशीवर ती सरकते आणि हात निसटतो, अनवाणी सरळ फरशीवरच करायचे आणि गुडघ्याखाली फक्त टॉवेल घ्यायचा. मग बैठका, मग पलंगाच्या कडेवर हात टेकून जोर. वीस-पंचवीस मिनिटांत घाम निघतो. सूर्यनमस्कार घरोघरी पोचवायला ज्यांनी एवढी मेहनत घेतली ते औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी सातारा जिल्ह्यातलेच, त्यांना मी मनातल्या मनात नमस्कार करतो. डब्ल्यूएचओ, म्हणजे जागतिक आरोग्य संघटना, आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते, ते एवढ्यात बसतं.

खाण्यात खरा घोळ जेवणाचा नाही, चहाचा आहे. दिवसात चार-पाच लॅब केल्या की प्रत्येक ठिकाणी चहा येतो आणि तो गोडमिट्ट असतो. कपाला दोन चमचे धरले तरी पाच चहात दहा चमचे, म्हणजे चाळीस-पन्नास ग्रॅम साखर. डब्ल्यूएचओच्या हिशोबाने मोठ्या माणसाला दिवसाला 50 ग्रॅमच्या खाली आणि जमलं तर 25 च्या आसपास रहायला पाहिजे. नको म्हटलं की लोकांना वाईट वाटतं, प्रेमाने देतात ओ, म्हणून मी बॅग ठेवतानाच सांगतो, "मॅडम, माझा बिनसाखरेचा." आता बऱ्याच लॅबमध्ये न सांगता तसाच येतो. बॅगेत फुटाणे आणि शेंगदाणे कायम असतात. रात्री जमेल तिथं भाकरी, आणि आपल्याकडे ती मिळतेच, सोलापूरला ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी, इतरत्र पिठलं नाहीतर मटकीची उसळ, सोबत कांदा, ताक. आणि आठच्या आत. दहानंतर जड जेवण झालं की सकाळचा अजिंक्यतारा गेलाच म्हणून समजा.

प्रवासात बसून बसून पाय सुजतात त्याकडे पण लक्ष द्या. चार तासांहून जास्त एका जागी बसून प्रवास केला की पायातल्या शिरेत गुठळी व्हायचा धोका साधारण दुप्पट होतो, हे डब्ल्यूएचओने 2007 मध्येच सांगितलंय. मुळात धोका कमी असतो, पण आमच्यासारख्यांचे असे प्रवास किती होतात. गाडी थांबली की मी उतरतोच, सीटवर असताना टाचा वर-खाली करतो, पाणी पितो.

झोपेचं मात्र माझ्या एकट्याच्या हातात नाही. रात्रभर स्लीपरने नांदेडला जायचं, खड्ड्यांतून धड डोळा लागत नाही, आणि सकाळी नऊला मशीनसमोर उभं रहायचं, याने तब्येतही बिघडते आणि कामही. आदल्या संध्याकाळी पोचायची मुभा नाहीतर सकाळी आंघोळ-व्यायामाला दोन तास, यातलं एक तरी फील्डच्या माणसाला मिळालंच पाहिजे. मी हे आमच्या रिव्ह्यू मीटिंगमध्ये बोललोय, अजून काही हललेलं नाही, पुढच्या मीटिंगमध्ये परत बोलणार आहे आणि या वेळी बाकीच्या इंजिनिअर्सना पण सोबत घेणार आहे.