टॉपच्या थोडे अलीकडे

जुन्या बुलेटच्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडते ती पिस्टन अगदी वर पोचल्यावर नव्हे, तर त्याच्या किंचित आधी. ही गोष्ट पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटी वाटते. पिस्टन वर चढत असतानाच मिश्रण पेटवले तर तो जाळ त्याला खाली रेटणार, मग आपणच त्याची वाट का अडवायची, असे माझ्या भाच्याने एकदा विचारले आणि त्याचा प्रश्न रास्तच होता. ठिणगी पडली म्हणून सारे मिश्रण त्या क्षणी पेटत नाही, हे त्याचे उत्तर. ज्योत प्लगपासून निघून ७० मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरभर पसरेपर्यंत काही मिलिसेकंद जातात, आणि इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्या मारत असेल तर एकेका मिलिसेकंदात क्रँक, म्हणजे पिस्टन फिरवतो तो दांडा, १८ अंश फिरलेला असतो. दाब सर्वांत जास्त हवा असतो तो पिस्टन टॉप, म्हणजे चालीचे सर्वांत वरचे टोक, ओलांडून साधारण १५ अंश पुढे गेल्यावर, म्हणून ठिणगीला आधीच निघावे लागते. समेवर यायचे असलेला गवई मुखडा समेच्या आधी उचलतो, तसेच हे.

माझ्याकडची साडेतीनशे सीसीची बुलेट बीडाच्या (कास्ट आयर्नच्या) इंजिनाची, पॉइंटवाली आहे, म्हणजे तिची ठिणगी करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या धातूच्या दोन टिकल्यांवर चालते. १९५५ मध्ये मद्रासच्या मद्रास मोटर्सने इंग्लंडच्या रॉयल एनफिल्डशी हातमिळवणी केली आणि पुढे तिरुवोट्टियूरच्या कारखान्यात या गाड्या बनू लागल्या. त्याच घराण्यातली ही. तिच्या टायमिंगचा, म्हणजे ठिणगी कुठे पडावी याचा, आकडा टॉपच्या ०.८ मिलिमीटर अलीकडे असा आहे, आणि तो ॲडव्हान्सची वजने, म्हणजे वेग वाढला की फाकून ठिणगी आणखी आधी आणणारी वजने, मिटलेली असताना धरायचा. पिस्टनची एकूण चाल ९० मिलिमीटर असताना एवढ्याशा अंतराने काय बिघडते, असे कोणालाही वाटेल. पण पिस्टन टॉपजवळ रेंगाळतो. चालीच्या मध्यावर असताना क्रँक दहा अंश फिरला तर पिस्टन आठेक मिलिमीटर सरकतो, आणि टॉपच्या तोंडाशी तेवढ्याच दहा अंशांत त्याची हालचाल जेमतेम ०.८ मिलिमीटर होते. म्हणजे डोळ्यांना पिस्टन थांबल्यासारखा दिसतो त्या पट्ट्यातच सगळा निर्णय व्हायचा असतो. प्लगच्या छिद्रातून सायकलची तार सोडून टॉप हुडकण्याची पद्धत मला यासाठीच पुरेशी वाटत नाही. छिद्र तिरपे, तारही तिरपी उतरते आणि मोजमाप अंदाजावर जाते. त्यापेक्षा टॉपच्या दोन्ही बाजूंना पिस्टन सारख्याच उंचीवर असताना खुणा करून त्यांचा मध्य काढावा, कारण तिथे पिस्टन पुरेसा वेगाने हलत असतो आणि खूण नेमकी पडते.

कामाचा क्रम मात्र बदलता येत नाही. आधी पॉइंट साफ करून त्यांचा गॅप फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) ०.३५ ते ०.४० मिलिमीटरच्या दरम्यान आणायचा आणि मगच टायमिंगला हात घालायचा, कारण गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात, कमी झाला की उशिरा, आणि ठिणगी तर पॉइंट उघडण्याच्या क्षणालाच बांधलेली असते. घाईतला मिस्त्री टायमिंग लावून झाल्यावर जाता जाता गॅप ‘जरा बघतो’, तेव्हा आधीचे सगळे काम त्याने पुसून टाकलेले असते.

पॉइंट नेमके केव्हा उघडतात हे कळण्यासाठी कोणी त्यांच्यामध्ये सिगारेटचा पातळ कागद धरून हलकेच ओढत राहतो आणि तो सुटला की थांबतो, तर कोणी बल्ब जोडतो. बुलेटवाल्याला यातले काही लागत नाही, कारण हेडलाइटच्या वर अँपिअर मीटर बसवलेलाच असतो. चावी चालू केली आणि पॉइंट मिटलेले असले की कॉइलमधून करंट वाहतो व काटा डिस्चार्जकडे झुकतो. पॉइंट उघडले की तो उडी मारून मध्यावर येतो. गाडी मेन स्टँडवर, प्लग काढलेला, गिअर चौथा, आणि मागचे चाक हाताने पुढच्या दिशेने इतके सावकाश फिरवायचे की काट्याची उडी चुकू नये. ठरलेली जागा ओलांडली गेली तर चाक तेवढेच मागे घेऊन भागत नाही, कारण गिअरांच्या दात्यांमध्ये ढिलेपणा असतो. बरेच मागे जाऊन पुन्हा पुढे यावे लागते. मग पॉइंट ज्यात बसवलेले असतात त्या डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट सैल करून बॉडी केसभर वळवायची. पॉइंट उघडणाऱ्या कॅमच्या फिरण्याच्या उलट दिशेला वळवली तर ठिणगी आधी येते, आणि डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरत असल्यामुळे इथल्या एका अंशाचे तिकडे दोन होतात. हे एकदा कळले की बोटे आपोआप हळू चालू लागतात.

बहुतेक गॅरेजांत टायमिंग थोडे ‘ॲडव्हान्स’ ठेवण्याची आवड असते, कारण गाडी हातात देताना पिकअप चांगला जाणवतो आणि गिऱ्हाईक खूश होऊन जाते. मला हा मोह पटत नाही. त्याची किंमत पुढे घाटात मोजावी लागते: आंबा घाटाच्या चढावर वरच्या गिअरमध्ये थ्रॉटल पिळला की इंजिनातून खडे वाजल्यासारखी टकटक सुरू होते, आणि सकाळी किक उलटी येऊन नडगीवर बसते ती वेगळीच. हे प्रताप निदान लपत तरी नाहीत. उशिराचे टायमिंग जास्त फसवे, कारण ते बहुधा कोणी मुद्दाम लावलेले नसते. पॉइंटची फायबरची टाच कॅमवर घासून झिजते, गॅप मिटत जातो आणि ठिणगी दर महिन्याला थोडी थोडी मागे सरकते. इंजिन तापू लागते, सायलेन्सरच्या बेंडपाइपवर निळसर झाक चढते, ओढ कमी होते. पण हे इतके सावकाश घडते की रोज बसणाऱ्याचे कान त्या आवाजाला सरावतात आणि तो पेट्रोलला दोष देत राहतो. अशा वेळी गाडी एखाद्या दिवसापुरती दुसऱ्या बुलेटवाल्याला चालवायला द्यावी. तो परत येऊन ‘हिला दम नाही’ म्हणाला, की कार्बोरेटर उघडण्याआधी फिलर गेज काढावे.

शेवटी बोल्ट आवळताना बॉडी स्वतःच थोडी वळते, त्यामुळे आवळून झाल्यावर चाक पुन्हा फिरवून काट्याची उडी तपासायलाच हवी. कॅमवर ग्रीसचा बारीक ठिपका ठेवावा, जास्त नको. पॉइंटवर ग्रीस उडाले तर ठिणगीच मरते. नव्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक इग्निशन असते, झिजायला टाच नाही, मिटायला गॅप नाही, आणि माझा भाचा तसलीच गाडी घेणार आहे. घेऊ दे. तोवर चाक फिरवायला मी आणि काट्यावर नजर ठेवायला तो, अशी आमची वाटणी ठरलेली आहे, कारण हे काम एकट्याने करताना मान फार अवघडते.